पिल्लाचे पोट सुटले, ते बाळसे नव्हे

मागे या सदरात आम्ही मुलांच्या जंतांविषयी लिहिले होते. त्यानंतर काही भगिनींनी भेटून विचारले, "मुलांचं सांगितलंत, पण घरात कुत्रं आहे, त्याच्या जंतांचं काय?" प्रश्न रास्त आहे. तो ऐकून आम्हाला थोडी शरमही वाटली, कारण या बाबतीत आमच्याच घरात चूक झालेली आहे. आज तीच सांगतो. दुसऱ्याच्या घरी ती होऊ नये, एवढाच हेतू.

पावसाळ्याचे दिवस होते. आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीमागे कुत्री व्याली. चार पिल्ले झाली. महिनाभराने मुलांनी त्यातले एक पांढरे पिल्लू उचलून घरी आणले आणि त्याचे नाव मोती ठेवले. दूध-भाकरी खाऊन त्याचे पोट नगाऱ्यासारखे झाले. आम्ही कौतुकाने म्हणालो, "पोरगं बाळसं धरतंय." पाठीची हाडे हाताला लागत होती आणि केस राठ झाले होते, तिकडे आमचे लक्षच गेले नाही.

आठवड्याने मोती ओकला. ओकारीत शेवयांसारखे लांब पांढरे जंत वळवळत होते. शेजारच्या मावशींनी नजर लागली म्हणून त्याच्या गळ्यात काळा दोरा बांधला. आम्ही त्यांना हसलो. पण आम्ही तरी काय केले? मुलांसाठी मेडिकलमधून आणलेल्या जंताच्या गोळीचा अर्धा तुकडा गुळात घालून त्याला चारला. मावशींचा दोरा आणि आमची अर्धी गोळी, दोन्ही अंदाजाचेच काम. तिसऱ्या दिवशी सकाळी मोती उठला नाही. आमचा धाकटा दोन दिवस धड जेवला नाही.

गिरणीमागे अजून तीन पिल्ले होती. त्यातल्या एकाचे पोट तसेच सुटलेले. या वेळी मात्र आम्ही त्याला पाटीत घालून थेट गुरांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी आधी पिल्लाचा ओठ वर करून हिरड्या दाखवल्या. कागदासारख्या पांढऱ्या. मग त्याचे वजन केले, वजनाप्रमाणे पातळ औषध सुईविना सिरिंजने तोंडात सोडले आणि विचारले, "आईला औषध दिलंत का?" आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो.

तिथेच आम्हाला पहिली गोष्ट कळली. पिल्लाला जंत बाहेरून लागायचीही गरज नसते. शेवयांसारख्या गोल जंतांच्या अळ्या कुत्रीच्या अंगात, स्नायूंमध्ये निपचित पडून असतात. ती गाभण राहिली की शेवटच्या काही आठवड्यांत त्या जाग्या होऊन पोटातल्या पिल्लांत शिरतात. पुढे दुधातूनही जातात. म्हणजे पिल्लू दिसायला गुबगुबीत असले तरी जंत घेऊनच जन्मलेले असते. गोड खाल्ल्याने जंत होतात, ही समजूत खोटी आहे.

दुसरे जंत अंकुशकृमी. डॉक्टर त्यांना हुकवर्म म्हणतात. हे जेमतेम एक-दीड सेंटिमीटर लांब. आतड्याला चिकटून रक्त पितात. लहान पिल्लाच्या अंगात रक्त ते किती! हिरड्या पांढऱ्या पडणे, डांबरासारखी काळी शी होणे, पिल्लू मलूल पडणे, ही त्यांची खूण. हे दिसले तर उद्यावर ढकलू नये. औषधाबरोबर अशक्तपणावरही उपचार लागतात.

तिसरे पट्टकृमी. कुत्र्याच्या शेपटीखाली किंवा अंथरुणावर तांदळाच्या दाण्यासारखे, काकडीच्या बीसारखे तुकडे दिसतात. कुत्रे ढुंगण जमिनीला घासते. हे जंत पिसवांमुळे होतात. अंग चाटताना कुत्रे पिसू गिळते आणि पिसूतली अळी पोटात जाते. म्हणून नुसत्या गोळीने भागत नाही. पिसवा राहिल्या तर महिन्या-दीड महिन्यात जंत परत हजर.

आता औषधाचा क्रम. पिल्लू दोन आठवड्यांचे झाले की पहिला डोस. मग चौथ्या, सहाव्या आणि आठव्या आठवड्याला. त्यानंतर सहा महिन्यांचे होईपर्यंत दर महिन्याला. पुढे मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी. आणि पिल्लांबरोबर त्यांच्या आईलाही. एकदा औषध दिले की काम झाले, असे पुष्कळांना वाटते. पण औषधाने आतड्यातले जंत मरतात. अंगात फिरणाऱ्या अळ्या मागाहून आतड्यात उतरतात, त्यांच्यासाठी पुढचा डोस लागतो. डोस दिल्यावर एक-दोन दिवस शीतून जंत पडतील, त्याने घाबरू नये.

गोल जंत आणि अंकुशकृमी यांवर पायरँटेल, पट्टकृमीवर प्राझिक्वांटेल अशी औषधे असतात. पण कुठले आणि किती, हे कुत्र्याचे वजन करून डॉक्टरांनीच ठरवावे. २०१५ पासून देशात राष्ट्रीय जंतनाशक दिनाला मुलांना जी अल्बेंडाझोलची गोळी मिळते, ती मुलांसाठी चांगली आहे. कुत्र्याच्या रक्तावर मात्र तिचा वाईट परिणाम होऊ शकतो. गुरांचे आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शनही अंदाजाने टोचू नये. कोणी लसूण चारा म्हणेल, कोणी तंबाखूचे पाणी पाजा म्हणेल. लसूण जास्त झाला तर कुत्र्याच्या रक्ताला बाधतो, आणि तंबाखू तर विषच.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात केसपेपरचे पैसे थोडेच लागतात. मुंबईच्या वाचकांना परळचे बैलघोडा हॉस्पिटल ठाऊकच आहे. जाताना छोट्या डबीत ताजी शी न्यावी. तपासली की कुठले जंत आहेत ते कळते.

आता मुलांचे. कुत्र्याचे जंत माणसाला बाधतात का? होय, बाधतात. गोल जंतांची अंडी शीबरोबर मातीत पडतात. मातीत खेळून न धुतलेला हात तोंडात गेला की अंडी पोटात जातात. त्यांतल्या अळ्या मुलाच्या यकृतात, फुप्फुसात, कधी डोळ्यातही जाऊन बसतात. डोळ्यात गेल्यास नजर अधू होऊ शकते. अंकुशकृमीच्या अळ्या ओल्या मातीतून उघड्या पायात शिरतात, मग कातडीवर नागमोडी रेघ उठून भयंकर खाज सुटते.

पण घाबरून जाण्याऐवजी एक गोष्ट लक्षात घ्यावी. गोल जंतांची ताजी अंडी लगेच बाधत नाहीत. मातीत दोन ते चार आठवडे राहिली की ती बाधक होतात, आणि पुढे वर्षानुवर्षे टिकतात. अंकुशकृमीला मात्र आठवडाभरही पुरतो. म्हणून शी ज्या दिवशीची त्याच दिवशी सुपलीने उचलावी आणि खोल पुरावी. फिनेल ओतले म्हणजे अंडी मेली, असे होत नाही. फरशीवर उकळते पाणी टाकावे. मुलांनी जेवणाआधी साबणाने हात धुवावेत, पायात चप्पल घालावी, नखे कापावीत.

आणखी एक. मटणाच्या दुकानातून आणलेले फेफडे, कलेजी कुत्र्याला कच्चे घालू नये. चांगले शिजवून घालावे. कच्च्या फेफड्या-कलेजीतून कुत्र्याला एक बारीक पट्टकृमी होतो. तो शीत डोळ्यांना दिसतही नाही. त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याची गाठ वाढते, आणि पुष्कळदा तिचे ऑपरेशन करावे लागते.

हे वाचून कोणी म्हणेल, मग कुत्रेच नको, हाकलून द्या. आम्हाला ते पटत नाही. हाकललेले कुत्रे जाते कुठे? गल्लीतच. आणि त्याची शी पडते तिथेच, जिथे सगळ्यांची मुले खेळतात. औषध दिलेले घरचे कुत्रे बिनऔषधाच्या मोकाट कुत्र्यापेक्षा आपल्या मुलांना अधिक सुरक्षित आहे. म्हणून गिरणीमागच्या त्या कुत्रीसाठी आणि उरलेल्या पिल्लांसाठी आमच्या गल्लीतल्या चार घरांनी पैसे काढले. पहिली वर्गणी काळा दोरा बांधणाऱ्या मावशींनीच दिली.

दवाखान्यात नेलेले ते पिल्लू वाचले. आज ते दारात बसून अनोळखी माणसावर भुंकते. दर तीन महिन्यांनी औषधाचा दिवस आला की आमचा धाकटा कॅलेंडरवर खूण करतो आणि आम्हाला आठवण देतो. मोतीची आठवण त्याने काढली नाही असा एकही डोस गेलेला नाही.

आपल्या घरी पिल्लू असेल तर आज त्याचा ओठ वर करून पाहा.