उपच्छायेची रुंदी

पडद्यावरील चेंडूचा मार्ग जराही न बदलता केवळ त्याच्या सावलीचा मार्ग बदलला, तर तोच चेंडू कधी जमिनीलगत मागे सरकताना, तर कधी हवेत वर उचलला जाताना दिसतो, हे डॅनियल कर्स्टन, पास्काल मामासिआन आणि डेव्हिड निल यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखवून दिले. वस्तू कोठे आहे याचा निर्णय डोळा सावलीवरून घेत असताना, कामाच्या अखेरीस सर्व सावल्यांना सरसकट एकच धूसरता देऊन विषय संपवण्याची सवय संगणकीय चित्रनिर्मितीच्या व्यवसायाने आता सोडायला हवी.

प्रकाशस्रोत बिंदूएवढा असेल तरच सावलीची कड तीक्ष्ण येते. प्रत्यक्षातील स्रोताला आकार असतो, म्हणून जेथून त्याचा कोणताच भाग दिसत नाही ती गडद प्रच्छाया आणि जेथून त्याचा काही भाग दिसतो ती क्रमाने फिकट होत जाणारी उपच्छाया, असे सावलीचे दोन भाग पडतात. सूर्यबिंब आकाशात सुमारे अर्ध्या अंशाचे दिसते. त्यामुळे सूर्य माथ्यावर असताना १ मीटर उंचीवरील कडेची उपच्छाया जमिनीवर सुमारे ९ मिलिमीटर, तर १० मीटर उंचीवरील कडेची सुमारे ९ सेंटिमीटर रुंद पडते. सर्वत्र सारखी धूसर केलेली सावली ही उंचीची माहितीच पुसून टाकते आणि म्हणूनच, दिसायला मऊ असली तरी, तीक्ष्ण सावलीइतकीच खोटी असते.

संगणकावर सावली काढण्यासाठी लान्स विल्यम्स यांनी १९७८ साली मांडलेल्या शॅडो मॅप पद्धतीत दृश्य आधी दिव्याच्या जागेवरून पाहून प्रत्येक दिशेतील सर्वांत जवळच्या पृष्ठभागाचे अंतर नोंदवले जाते आणि कॅमेऱ्याला दिसणारा बिंदू त्याहून दूर असल्यास तो सावलीत धरला जातो. नोंदीचे कण मर्यादित असल्याने पृष्ठभाग स्वतःवरच ठिपक्यांची सावली पाडतो. ती टाळण्यासाठी तुलनेत थोडी सूट, म्हणजे बायस, द्यावी लागते आणि ही सूट वाढली की पात्राचे पाऊल सावलीपासून सुटून ते अधांतरी भासते. रीव्ह्ज, सॅलेसिन आणि कुक यांनी १९८७ साली अंतरांची नव्हे तर तुलनांच्या निकालांची सरासरी काढून कडा मऊ केल्या, परंतु त्या मऊपणाची रुंदी ठरीव राहिली. ती आडोशाच्या अंतरानुसार बदलण्याची व्यवहार्य युक्ती रँडिमा फर्नांडो यांनी २००५ साली दिली. या युक्तीत सावली धरणारा बिंदू आणि आडोसा यांमधील अंतर व दिव्याचा आकार यांवरून सरासरी काढण्याच्या क्षेत्राची रुंदी ठरते.

किरणमागोवा, अर्थात रे ट्रेसिंग, आता खेळांमध्येही तत्क्षणी चालू शकत असला, तरी दिव्याचा व्यास अंदाजाने भरला असेल तर त्यातून येणारी उपच्छाया तितकीच चुकीची असते. म्हणून प्रकाशयोजनेच्या टिपणात प्रत्येक दिव्याच्या तीव्रतेसोबत त्याचा खरा आकार आणि सूर्यासाठी अर्ध्या अंशाचा कोन लिहिला जावा, आणि चौकट तपासताना पहिली नजर पाऊल जेथे जमिनीला टेकते तेथे जावी.