सहल कोठें न्यावी ? घारापुरी कीं वेळास ?

यंदां शाळेच्या सहलीचा प्रश्न निघाला तेव्हां दहावीच्या वर्गांत दोन तट पडले. एक पक्ष म्हणे, घारापुरीच्या बेटावर जाऊं. दुसरा म्हणे, कोंकणांतील वेळास गांवीं जाऊं. दुसऱ्या पक्षाचा पुढारी मीच होतों. परंतु प्रत्यक्ष मत देण्याची वेळ आली तेव्हां मीं आपलें मत घारापुरीस दिलें. माझ्या सोबत्यांस ही उघड फितुरी वाटली. ती फितुरी नव्हती, एवढें सांगण्यासाठींच हा लेख आहे.

प्रथम वेळासची बाजू मांडतों, कारण माझें मन तिकडेच आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यांत, सावित्री नदी समुद्रास मिळते त्या बाणकोटच्या खाडीजवळ हें लहानसें गांव आहे. पेशवाईतील प्रसिद्ध मुत्सद्दी नाना फडणवीस ह्यांचें हें मूळ गांव. नारळी-पोफळीच्या वाड्या, कौलारू घरें, आणि सुरूच्या बनापलीकडे पसरलेली पुळण, एवढाच येथला थाट. पाहुण्यांनीं गांवकऱ्यांच्या घरीं उतरावें, ते वाढतील तें जेवावें आणि त्यांच्याबरोबर लवकर निजावें, असा येथला परिपाठ आहे.

ह्या गांवाची खरी कीर्ति कासवांमुळें आहे. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवी रात्रींच्या वेळीं किनाऱ्यावर येते, वाळूंत खळगा करून शंभराच्या आसपास अंडीं घालते, तीं झांकते आणि समुद्रांत निघून जाते. पुढें पिलांचें काय झालें हें पाहावयास ती परत येत नाहीं. पूर्वीं हीं अंडीं माणसें आणि कुत्रीं, कोल्हे लुटून नेत. २००२ सालीं चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र ह्या संस्थेनें गांवकऱ्यांच्या साह्यानें त्यांच्या रक्षणाचें काम हातीं घेतलें. तेव्हांपासून अंडीं जाळीच्या कुंपणांत पुन्हां वाळूखालीं ठेवतात. सुमारें ४५ ते ६० दिवसांनीं पिलें वर येतात, आणि तीं समुद्राच्या वाटेस लावतात.

गेल्या वर्षीं फाल्गुनांत मी आईवडिलांबरोबर तेथें गेलों होतों. सकाळीं टोपली उचलली, तर खालीं कांहींच नव्हतें. सायंकाळीं मात्र सात पिलें निघालीं. तीं लाटांच्या दिशेनें सरपटूं लागलीं. अंधार पडूं लागला होता, म्हणून छायाचित्र घेण्यासाठीं मीं मोबाइलचा दिवा लावला. त्याबरोबर शेवटचें पिलूं थबकलें आणि वळून माझ्याकडे येऊं लागलें ! जवळच उभे असलेले आमचे यजमान आजोबा हळूच म्हणाले, “बाळा, तो दिवा आधीं विझव. त्याला तोच समुद्र वाटतो.” पिलें उजेडाच्या रोखानें जातात, हें मला ठाऊक नव्हतें. मीं दिवा विझविला. थोड्या वेळानें पिलूं पुन्हां वळलें आणि पाण्यांत गेलें. आजोबा मला रागें भरले नाहींत. परंतु त्या रात्रीं मला बराच वेळ झोंप आली नाहीं.

आतां घारापुरीची बाजू पाहूं. मुंबईच्या अपोलो बंदरावरून मचव्यानें सुमारें तासाभरांत तेथें पोंचतां येतें. सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेलें तेथील मुख्य लेणें, आणि त्यांतील तीन मुखांची प्रचंड शिवमूर्ति पाहण्यास देशोदेशींचे लोक येतात. १९८७ सालीं युनेस्कोनें ह्या लेण्यांस जागतिक वारशाचा मान दिला. धक्क्यापासून लेण्यांपर्यंत पायऱ्यांच्या दोहों बाजूंस दुकानें, वर माकडें, आणि चोहोंकडे गर्दी ! आमचा पक्ष म्हणे, “ही कसली सहल ? हा तर बाजार !” मीही तसेंच म्हणत असें.

परंतु मतदानाच्या आदल्या दिवशीं मीं एक साधा हिशेब केला. सहलीस जाणारीं मुलें दोनशें. वेळासला दोनशें मुलें एकदम उतरलीं तर घरोघर पाणी किती लागेल, पानें किती मांडावीं लागतील, आणि पुळणीवर चारशें पाय कोठें कोठें पडतील ? माझ्या एका दिव्यानें एक पिलूं वाट चुकलें. दोनशें मुलांपैकीं वीसांनीं जरी दिवे लावले तर काय होईल ? ज्या शांततेसाठीं आपण तेथें जाणार, ती आपल्या पायांनींच मोडून येणार ! म्हणून माझें मत असें झालें, कीं स्थळ निवडतांना आपल्याला काय आवडतें हें पाहण्याआधीं आपण किती जण आहों आणि त्या स्थळास किती जण सोसतील हें पाहावें. मोठ्या जमावानें मोठ्या स्थळीं जावें. लहान स्थळीं थोड्यांनींच जावें.

कोणी विचारील, मग बेटावर गर्दी केलेली चालते काय ? तेथें निदान धक्का आहे, पायऱ्या आहेत, राखणदार आहेत. आणि पुष्कळ बेटकऱ्यांचा चरितार्थ पाहुण्यांवरच चालतो. तरीही दगडाला दुखत नाहीं असें समजूं नये. ज्या पाषाणाच्या हत्तीवरून पोर्तुगीजांनीं ह्या बेटास एलिफंटा नांव दिलें, तो १८६४ सालीं उचलून नेण्याच्या खटपटींत भंगला. त्याचे तुकडे जोडून तो आज भायखळ्याच्या बागेंत उभा केलेला आहे. तेथेंही हात आवरूनच वावरलें पाहिजे.

शिवाय बेटावर माणसें राहतात, हें आपण विसरतों. राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर ह्या तेथल्या वस्त्या. पाहुण्यांनीं रात्रीं तेथें राहावयाचें नाहीं, असा नियम आहे. त्यामुळें शेवटचा मचवा गेल्यावर तेंही एक शांत समुद्रकांठचें गांवच होतें. मुंबईचा झगमगाट समोर दिसत असतां त्यांच्या घरांत समुद्राखालील तारेनें कायमची वीज आली ती २०१८ सालीं ! सोबत्यांनो, सहलीस जाल तेव्हां लेण्यांबरोबर हेंही पाहून या.

पालकांस दोन गोष्टींची विनंति आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजीं घारापुरीस जाणाऱ्या एका प्रवासी नौकेवर नौदलाची वेगवान नौका आदळून दहांहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. म्हणून प्रत्येक मुलाच्या अंगांत तरंगतें जाकीट चढल्यावांचून मचवा हलूं नये, असा आग्रह आपण धरावा. दुसरी गोष्ट अशी, कीं वेळासला मुलांना आपण स्वतः न्यावें. चौघांपांचांनीं जावें, आधीं विचारून जावें, आणि पिलें दिसलीं नाहींत तरी रुसूं नये. आणि अंधार पडला कीं मुलांच्या हातांतील दिवे आपल्या पिशवींत ठेवावे. ही शेवटची सूचना मी अनुभवानें करीत आहें.

— इयत्ता दहावीचा एक विद्यार्थी