दोष एकट्या मिडफिल्डरचा नाही



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी फातोर्ड्याला सिंगापूरने भारताला २-१ असे हरवले आणि २०२७ च्या आशियाई चषकाचे दार आपल्यासाठी बंद झाले. पाठोपाठ नोव्हेंबरात ढाक्याला बांगलादेशकडूनही हार पत्करावी लागली. तेव्हापासून नागपुरात फुटबॉलचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येते : ही पोरे क्लबसाठी जीव तोडून पळतात आणि देशासाठी अंग चोरतात. रोख बहुतेक वेळा मधल्या फळीवर असतो. मिडफिल्डरने जागा सोडली, वेळेवर अंगावर गेला नाही, मागे मोकळे रान दिले. हा आरोप अन्यायाचा आहे. शिवाय त्यामुळे खरा प्रश्न बाजूला पडतो, म्हणून हे पत्र.

मानोलो मार्केस यांचेच उदाहरण घ्या. २०२४-२५ च्या हंगामात ते एफसी गोवा आणि भारत या दोन्ही संघांचे प्रशिक्षक होते. माणूस एक, फुटबॉलचा विचारही एक. गोव्याचा संघ आयएसएलच्या साखळीत दुसरा आला आणि मे २०२५ मध्ये सुपर कपही जिंकला. भारत त्यांच्या हाताखाली आठ सामने खेळला आणि एकच जिंकला, तोही शिलाँगला मालदीवविरुद्ध. संदेश झिंगनसारखे काही खेळाडू तर दोन्ही संघांत होते. ते आठवडाभर गोव्यात इमानदारीने खेळत होते आणि निळी जर्सी चढवली की आळशी होत होते, असे कोणी म्हणेल काय? गोव्यात मार्केस यांना रोजचा सराव मिळत होता, आणि मधोमध कार्ल मॅकह्यू हा परदेशी मिडफिल्डर होता. भारतीय संघाच्या वाट्याला मोजक्या दिवसांचे शिबिर येते, आणि त्या जागेवर मॅकह्यू नसतो.

सरावाचे हे दिवस लागतात कशाला? प्रेसिंगसाठी, म्हणजे समोरच्यावर चढून जाऊन चेंडू हिसकावण्यासाठी. त्यात धावणे हा शेवटचा भाग असतो. समोरच्या सेंटर बॅकने चेंडू पायात घेतला की आपला विंगर तिरका जातो आणि बाहेरच्या बाजूचा पास अडवतो. मग चेंडू आत, त्यांच्या मिडफिल्डरकडेच जातो. तो आपल्या गोलकडे पाठ करून उभा असतो. त्याने वळायच्या आत आपला मिडफिल्डर त्याच्यापर्यंत पोचला तर काम फत्ते. पण आपला माणूस निघाला त्याच क्षणी त्याची जागा रिकामी झालेली असते. ती भरायला शेजारचा मिडफिल्डर सरकला पाहिजे आणि मागची बचावफळी आठ-दहा पावले वर आली पाहिजे. यातला एक जण क्षणभर थबकला की पास त्याच भगदाडातून जातो. टीव्हीवर मात्र आपल्याला दिसतो तो पुढे गेलेला, ‘जागा सोडलेला’ मिडफिल्डर! ज्याने यायला उशीर केला तो बहुधा चित्रात नसतोच.

भारताचा मिडफिल्डर अपुइया मुंबई सिटीकडून तीन हंगाम खेळला. आधी त्याच्या जोडीला अहमद जाहू होता, नंतर योएल व्हॅन निफ, दोघेही परदेशी. २०२२-२३ ची लीग शील्ड आणि ४ मे २०२४ रोजी सॉल्ट लेकवर मोहन बागानला ३-१ नमवून मिळवलेला चषक, ही त्या काळातली कमाई. मागे असा अनुभवी माणूस असेल तर पुढे झेप घ्यायला भीती वाटत नाही. आयएसएलमध्ये गेली काही वर्षे एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानावर उतरवता येतात, आणि क्लब त्यांना बहुतेक वेळा संघाच्या कण्यातच उभे करतात : सेंटर बॅक, होल्डिंग मिडफिल्डर, स्ट्रायकर. देशाचा संघ निवडताना नेमका हाच कणा गळून पडतो.

स्पेनने २०१० चा विश्वचषक जिंकला तेव्हा अंतिम सामन्याला उतरलेल्या अकरांत सहा जण बार्सिलोनाचे होते. वर्षभर एकत्र सराव करणारे सहा जण आयते मिळाले, तरीही प्रशिक्षक देल बोस्के यांनी बुस्केट्सला एकटे सोडले नाही. क्लबमध्ये ती जागा तो एकट्याने सांभाळायचा, देशासाठी त्याच्या शेजारी झाबी अलोन्सो होता. बाद फेरीतले चारही सामने स्पेनने १-० असे काढले. जगातल्या सर्वांत तयार मधल्या फळीला जर देशासाठी खेळताना सावध व्हावे लागते, तर आठवडाभराच्या शिबिरावर क्लबसारखे प्रेसिंग मागणे हा आपलाच हट्ट आहे.

मग सगळ्यांनी खाली बसून बचावच करायचा काय? नाही. जानेवारी २०२४ मध्ये कतारमधल्या आशियाई चषकात आपण ऑस्ट्रेलियाला मध्यंतरापर्यंत ०-० रोखले, पण त्या स्पर्धेत तिन्ही सामने हरलो आणि एकही गोल झाला नाही. माझे म्हणणे साधे आहे. मधल्या पट्ट्यात, दोन ओळींतले अंतर राखून खेळा आणि निवड सुट्या नावांची न करता जोड्यांची करा. एकाच क्लबचे दोन मिडफिल्डर, जमल्यास त्यांच्या मागचा सेंटर बॅकही. यात एखादा गुणी खेळाडू बाहेर राहील, कोलकाता-गोवा असा वादही होईल. तो सोसावा. आणि क्लबांनी शिबिराला खेळाडू सोडावेत. २०२५ च्या काफा नेशन्स कपसाठी मोहन बागानने फिफाच्या तारखांवर बोट ठेवून खेळाडू दिले नाहीत. नियमाने ते बरोबर असेलही, पण तारखा आधीच जुळवून घेणे हे महासंघाचे काम होते. प्रशिक्षक खालिद जमील यांनी त्या खेळाडूंविना ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरे स्थान आणले, हे त्यांचे मोठेपण.

आपल्याकडेही पाहू. कामठी, मोमिनपुरा, मोहननगरच्या पोरांच्या पायांत धाव भरपूर आहे. पण मैदानाच्या कडेला टाळ्या पडतात त्या चेंडूमागे पळणाऱ्याला. मधे थांबून पास अडवणाऱ्या पंधरा वर्षांच्या पोराला आपण ओरडतो, “उभा काय राहिला बे, पळ ना!” पुढच्या सामन्यात तो पळतो आणि ती जागा कायमची सोडून देतो. पुढच्या वेळी जिल्ह्याचा संघ निवडाल तेव्हा एका क्लबची मिडफिल्डरची एक जोडी सोबतच घ्या आणि स्पर्धेआधी तिला सलग तीन आठवडे सराव द्या, एवढी निवड करणाऱ्यांना विनंती आहे.

– एक वाचक, मोहननगर, नागपूर