वित्तीय तंत्रज्ञानाची खरी परीक्षा कोहमाऱ्यात

मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्गावर, गोंदिया जिल्ह्याच्या सडक-अर्जुनी तालुक्यात कोहमारा हे गाव आहे. गोंदिया आणि नवेगावबांध यांना जोडणारा रस्ता येथेच महामार्गाला मिळतो. आजूबाजूचा मुलूख धानाचा, तलावांचा आणि तेंदूपत्त्याचा. शासकीय खरेदी केंद्रावर विकलेल्या धानाचे चुकारे आता थेट बँक खात्यात जमा होतात. शाखा दूर असेल, तर बँक मित्राच्या यंत्रावर अंगठा टेकवून पैसे काढता येतात. ‘वित्तीय तंत्रज्ञान’ हा शब्द ज्यांनी कधी ऐकला नाही, अशी माणसेही आज त्या तंत्रज्ञानावर विसंबून आहेत.

दुसरीकडे, याच विषयाची पदव्युत्तर पदवी देणारे अभ्यासक्रम महानगरांतून सुरू झाले आहेत. राज्य शासनाने २०१८ मध्ये स्वतंत्र फिनटेक धोरण स्वीकारले. मध्यमवर्गीय पालक शुल्क किती आणि नोकरी कोणती, एवढेच विचारतात. या पदवीत काय शिकवतात आणि शिकलेले कसे तपासतात, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. तो विचारलाच पाहिजे. कारण आपल्या पैशाची वाहतूक उद्या या पदवीधरांच्या हाती असणार आहे.

हा विषय मुळातच संगमाचा आहे. बँकव्यवहार, देयक प्रणाली, संख्याशास्त्र, संगणक आज्ञावली, सायबर सुरक्षा आणि कायदा असे अनेक प्रवाह त्यात एकत्र येतात. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि अभियंता एकाच बाकावर बसतात. परंतु प्राध्यापक आपापला प्रवाह शिकवून निघून गेले, तर संगम घडवण्याचे काम एकट्या विद्यार्थ्यावर पडते. लेखी परीक्षेत ब्लॉकचेनची व्याख्या विचारली जाते. ती पाठ करणे अवघड नसते. प्रकल्पासाठी परदेशी ग्राहकांची तयार आकडेवारी घेऊन कर्ज बुडण्याचे भाकीत करणारी आज्ञावली लिहिली जाते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांमुळे तर नीटनेटका अहवाल काही तासांत उभा राहतो. अशा वेळी बांधीव प्रबंध हा ज्ञानाचा पुरावा कसा मानायचा?

त्याऐवजी विद्यार्थ्यापुढे एक साधा प्रश्न ठेवावा. समजा, कोहमारा परिसरातील एका मजुराने बँक मित्राकडे अंगठा लावला. खात्यातून रक्कम वजा झाली, पण यंत्रावर व्यवहार पूर्ण झाल्याची खूण आली नाही आणि हाती पैसेही आले नाहीत. व्यवहार नेमका कोठे अडकला? यंत्रात, बँक मित्राच्या बँकेत, राष्ट्रीय देयक महामंडळाच्या जाळ्यात, आधारच्या पडताळणीत की मजुराच्या स्वतःच्या बँकेत? रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत परत करण्याची प्रक्रिया व्हावी लागते. त्यापुढे विलंब झाल्यास दररोज शंभर रुपये भरपाई द्यावी लागते आणि तीही तक्रारीची वाट न पाहता. ही जबाबदारी कोणाची, हे विद्यार्थ्याने सांगावे. मग तेच त्या मजुराला त्याच्या भाषेत समजावून द्यावे. तंत्र, हिशेब, कायदा आणि माणूस या चारही गोष्टींची परीक्षा या एका प्रश्नात होते.

ही कल्पना नवी नाही. रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये नव्या वित्तीय सेवांसाठी ‘नियामक सँडबॉक्स’ची चौकट आखली. मर्यादित ग्राहक, मर्यादित काळ, ग्राहकहिताची हमी आणि शेवटी मूल्यमापन, असा तिचा क्रम आहे. नियामकाला जी कसोटी आवश्यक वाटते, ती विद्यापीठाने का टाळावी? त्याही आधीचा आदर्श आपल्या घरचाच आहे. नाशिकमध्ये जन्मलेल्या धनंजयराव गाडगीळांनी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत अर्थशास्त्राला ग्रंथालयाबाहेर नेले. वाई तालुक्यातील शेतीची आणि पुणे शहरातील कुटुंबांची पाहणी करून त्यांनी सिद्धांत जमिनीवर तपासले.

यावर दोन आक्षेप संभवतात. विद्यार्थी इतक्या दूर कसे जाणार, हा पहिला. गोंदिया जिल्ह्यातील महाविद्यालयांना सहभागी करून घेतल्यास ही अडचण सुटते आणि येथील मुलांनाही या विषयाचे दार उघडते. गुण वस्तुनिष्ठपणे कसे द्यायचे, हा दुसरा. त्यासाठी प्राध्यापकासोबत अनुभवी बँक अधिकारी परीक्षक असावा, निकष आधी जाहीर व्हावेत आणि गटप्रकल्पातील प्रत्येकाची स्वतंत्र तोंडी परीक्षा व्हावी. ग्रामस्थांच्या खऱ्या खात्यांना विद्यार्थ्यांनी हात लावू नये, त्यांची माहिती संमतीशिवाय घेऊ नये, हे पथ्य तर कटाक्षाने पाळावे.

राज्यात २०२३-२४ पासून राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार लागू झालेल्या पदव्युत्तर आराखड्यात कार्यप्रशिक्षण, क्षेत्रप्रकल्प आणि संशोधन प्रकल्पाला स्वतंत्र श्रेयांक आहेत. म्हणजे दार उघडे आहे; आत जाण्याची इच्छाशक्ती हवी. एखाद्या कंपनीच्या वातानुकूलित कक्षातील प्रमाणपत्रावर हे श्रेयांक वाटले जाऊ नयेत, याची दक्षता विद्यापीठांनी घ्यावी, आणि पालकांनीही प्रवेशाच्या वेळी तसे विचारावे. कष्टाने रेषा झिजलेल्या बोटाचा ठसा यंत्राने नाकारला, तर दोष त्या बोटाचा नाही, यंत्रणा आखणाऱ्याचा आहे. एवढे ज्याला उमगले, तोच या पदवीला पात्र.