फॉर्मॅट मारण्यापूर्वी

संगणकाबद्दल लिहायचे तर ते संगणक शिकवणाऱ्या सरांनी किंवा बाईंनी लिहावे. मी या शाळेचा माजी विद्यार्थी आणि एका माजी विद्यार्थिनीचा बाप, एवढीच माझी पात्रता. तरीही संपादकांकडे जागा मागितली, कारण जे सांगायचे आहे ते संगणकापेक्षा घराबद्दल जास्त आहे.

२०१४ सालची गोष्ट. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी ती. बाबांसाठी एक संगणक घेतलेला होता. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर बाबांनी आमच्या घराण्याची हकीकत लिहायला घेतली होती. पणजोबा सयाजीराव महाराजांच्या काळात सातारा जिल्ह्यातून बडोद्याला कसे आले, पहिले बिऱ्हाड कुठे केले, कोणाची मुंज कोणाच्या अंगणात झाली, असे सगळे. एका बोटाने टाइप करत करत सत्तरेक पाने झाली होती. पुढे त्यांना पुण्याच्या पुतण्याला मराठीतून ई-मेल लिहायची हौस आली. त्यासाठी ब्राउझरमध्ये मराठी टाइप करून देणारे एक एक्स्टेंशन बसवायचे होते, ते काही केल्या बसेना. पान उघडायच्या आतच इंग्रजीत कसलीशी सूचना यायची आणि बाबा ‘रद्द’वर टिचकी मारायचे. तीन दिवस असे गेले.

शेवटी मी एका दुरुस्तीवाल्या मुलाला बोलावले. त्याने दोन मिनिटे पाहिले आणि म्हणाला, “काका, फॉर्मेट मारवुं पडशे.” बाबा तेव्हा बँकेत गेले होते. “सी ड्राइव्हमध्ये काही महत्त्वाचे आहे का?” असे त्याने विचारले होते, हे मुद्दाम नमूद करतो. “नाही” असे मी सांगितले. बाबांची पाने डेस्कटॉपवर होती, आणि डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्हच, हे मला ठाऊक नव्हते.

संध्याकाळी एक्स्टेंशन छान बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक सुरू केला तर पुन्हा तीच सूचना. तेव्हा सातवीत असलेली माझी मुलगी दप्तर भरता भरता पडद्याच्या उजव्या कोपऱ्याकडे बघून म्हणाली, “बाबा, कॉम्प्युटरमध्ये १ जानेवारी २००९ का दाखवतंय?”

सगळे दुखणे एवढेच होते. संगणकाच्या मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक चपटा सेल असतो, बहुतेक ठिकाणी सीआर २०३२ नावाचा. वीज बंद असताना घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. आमचा सेल संपला होता. रात्री झोपताना भिंतीवरचे बटण बंद करायची आमच्या घराची शिस्त, त्यामुळे रोज सकाळी घड्याळ मागे जाई. आता, सुरक्षित वेबसाइट आपली ओळख पटवण्यासाठी ब्राउझरला एक प्रमाणपत्र दाखवते आणि त्यावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध’ असे असते. आमच्या संगणकाच्या मते २००९ साल चालू होते, म्हणजे ते प्रमाणपत्र अजून निघालेलेच नव्हते! ब्राउझर ते मान्य कसे करणार? दुरुस्तीवाल्याने विंडोज नव्याने टाकताना तारीख नीट लावली म्हणून एक संध्याकाळ चालले, इतकेच. पंचवीस-तीस रुपयांच्या सेलपायी सत्तर पाने गेली. आणि ती इंग्रजी सूचना आम्ही तीन दिवसांत एकदाही शेवटपर्यंत वाचली नव्हती. पुढे माहितीचा दुवा उघडला असता तर घड्याळ तपासा, असेही तिथे लिहिलेले होते.

तेव्हापासून माझे मत असे बनले आहे की घरच्या संगणकावर काही बसत नसेल तर पहिला प्रश्न ‘काय करू?’ हा नसावा. ‘बिघाड कोणाकडे आहे?’ हा असावा. आपल्या यंत्रात, आपल्या ब्राउझरमध्ये, त्या एक्स्टेंशनमध्ये, की पलीकडच्या वेबसाइटकडे? हे ठरवायला अभियंता लागत नाही. तेच पान दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडून बघा. घरातल्या दुसऱ्या यंत्रावर बघा. तारीख बघा, डिस्क भरली आहे का बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि फरक पडला नाही तर ती पूर्ववत करून मगच दुसरी बदला. आपण काय करतो? अँटिव्हायरस बंद करतो, ब्राउझर काढून पुन्हा टाकतो, सेटिंगमध्ये चार ठिकाणी खुणा करतो, आणि चुकून चालू झाले तर नेमके कशाने झाले हे कोणालाच सांगता येत नाही.

कधी कधी बिघाड आपल्याकडे नसतोच. ४ मे २०१९ रोजी जगभरातल्या फायरफॉक्स वापरणाऱ्यांची एक्स्टेंशने अचानक बंद पडली. ज्या प्रमाणपत्राच्या आधारे ती तपासली जात, त्याचीच मुदत संपली होती आणि चूक मोझिलाची होती. एक्स्टेंशन काढून पुन्हा बसवू नका, त्यातली माहिती जाईल, असे मोझिलाला लोकांना सांगावे लागले. दुरुस्ती आपोआप पोहोचली. जे हात बांधून बसले त्यांच्यातल्या बहुतेकांचे फारसे काही बिघडले नाही. नुकसानीचा जास्त धोका होता तो धडपड करणाऱ्यांना. क्रोमच्या बाबतीतही २०२४ पासून जुन्या पद्धतीची एक्स्टेंशने टप्प्याटप्प्याने बंद झाली. तो गूगलने बदललेला नियम आहे, तेव्हा तिथे दहा वेळा पुन्हा बसवूनही उपयोग नाही. त्या कामाचे नव्या पद्धतीचे एक्स्टेंशन शोधावे लागते.

जुना संगणक वापरणारी कुटुंबे आपल्यात बरीच आहेत, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण विंडोज ७ किंवा ८.१ असेल तर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती, २०२३ च्या सुरुवातीची. एक्स्टेंशनला त्याहून नवा ब्राउझर हवा असेल तर ते बसणार नाही, आणि हा बिघाड नव्हे. उलट, ऑफिसने दिलेल्या लॅपटॉपवर बसत नसेल तर तिथे ऑफिसचे कुलूप असते, ते मुलांच्या हट्टासाठी फोडू नये. मात्र घरच्या, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या यंत्रावर ‘हा ब्राउझर तुमच्या संस्थेच्या नियंत्रणाखाली आहे’ असे दिसू लागले तर सावध व्हावे. क्वचित ते अँटिव्हायरसमुळे असते. पण न विचारता घुसलेल्या प्रोग्रॅमचेही ते लक्षण असू शकते.

एका शब्दाचा घोळ मात्र मिटवायलाच हवा, कारण फसवणूक त्यातूनच होते. पूर्वी फ्लॅश, जावा, सिल्व्हरलाइट हे प्लगइन ब्राउझरच्या आत बसवावे लागत. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना तो ताप आठवत असेल. इंटरनेट एक्स्प्लोररचा फ्लॅश वेगळा आणि फायरफॉक्सचा वेगळा, त्यामुळे एकीकडे बसवूनही दुसरीकडे ‘प्लगइन नाही’ अशी तक्रार कायम. संगणकाचे प्रशासक खाते वडिलांचे असेल तर मुलाच्या खात्यातून ते बसायचेच नाही. २००४ मध्ये विंडोज एक्सपीची दुसरी सर्व्हिस पॅक आली आणि पत्त्याच्या खाली एक पिवळी पट्टी दिसू लागली, जिच्याकडे कोणी पाहतच नसे! क्रोमने २०१५ साली आणि फायरफॉक्सने २०१७ साली असल्या प्लगइनना दार बंद केले. फ्लॅशला तेवढी सवलत होती, तीही ३१ डिसेंबर २०२० ला संपली आणि १२ जानेवारी २०२१ पासून तर फ्लॅश प्लेअर स्वतःच मजकूर दाखवायला नकार देतो. म्हणून विद्यार्थी मित्रांनो, आज एखाद्या पानाने ‘हा व्हिडिओ पाहण्यासाठी फ्लॅश अद्ययावत करा’ म्हटले तर ते पान खोटे बोलते आहे. तिथे ‘कसे बसवावे’ हा प्रश्नच नाही, पान बंद करावे. आपल्याकडे जुन्या शैक्षणिक सीडींवरचे फ्लॅशचे धडे असतील तर त्यांच्यासाठी रफल नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. इंटरनेट अर्काइव्हने २०२० पासून जुने फ्लॅश दाखवायला तोच घेतला. सगळेच धडे त्यात चालतील असे नाही, पण कुठूनतरी जुना फ्लॅश मिळवून बसवण्यापेक्षा ते बरे.

आजची एक्स्टेंशने ब्राउझरच्या अधिकृत दालनातून येतात, पण तिथेही डोळे मिटून होकार देऊ नये. ‘सर्व वेबसाइटवरील तुमची सर्व माहिती वाचणे व बदलणे’ अशी परवानगी बऱ्याच वेळा मागितली जाते. तिचा अर्थ शब्दशः घ्या. ज्या ब्राउझरमध्ये आई बँकेचे काम करते, त्याच ब्राउझरमध्ये पडद्याचा रंग बदलणारे एक्स्टेंशन तुम्ही बसवता आणि त्याला बँकेचे पान वाचायची मुभा देता. जाहिराती गाळणाऱ्या एक्स्टेंशनला ही परवानगी लागते, हे समजू शकते. वॉलपेपर बदलणाऱ्याला कशाला हवी?

काही पालक म्हणतात, मुलांना यात हात घालू देऊ नये, माणूस बोलवावा. मला हे पटत नाही. बोलावलेल्या माणसाला तासाभरात पुढच्या घरी जायचे असते, आणि फॉर्मॅट हे त्याचे हमखास औषध. आपल्या घरात कुठली फाइल कोणासाठी किती मोलाची, हे त्याला कसे कळणार? माणूस जरूर बोलवा, पण त्याच्या हातात नेमकी सूचना लिहून द्या आणि आधी महत्त्वाच्या फाइली पेनड्राइव्हवर काढा. बघू द्या त्याला, पण पुसू देण्याआधी घरातल्या प्रत्येकाला विचारा. मी एकाला विचारले नाही.

विश्वस्त मंडळाला आणि शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. संगणकाच्या तासाला मुले मॉनिटर, माऊस, सीपीयूची नावे पाठ करतात, सादरीकरणे सजवतात. पडद्यावर आलेली एक सूचना नीट वाचून तिचा अर्थ मराठीत सांगणे हे मात्र कोणी करून घेत नाही. महिन्यातून एक तास संगणकाच्या सरांनी आणि मराठीच्या बाईंनी मिळून घ्यावा. खऱ्या सूचना फळ्यावर लिहाव्यात. मुलांनी आजीला समजेल अशा मराठीत त्या सांगाव्यात, आणि मग बिघाड कोणाकडे असेल याचा अंदाज बांधावा. घरोघरी ‘काहीतरी इंग्रजीत आलं होतं, मी बंद केलं’ असेच सांगितले जाते. त्या ‘काहीतरी’मध्येच बहुतेक वेळा उत्तर असते. अशा तासाला पैसा लागत नाही, नवी यंत्रेही लागत नाहीत.

बाबांनी पुन्हा लिहायला सुरुवात केली होती. अकरा पाने झाली, मग मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आली, आणि नंतर “आता राहू दे” म्हणाले. त्यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. ती अकरा पाने मी छापून ठेवली आहेत. त्यात पणजोबा अजून बडोद्याच्या स्टेशनवर उतरायचे आहेत.

संगणकाच्या टेबलावर तेव्हापासून एक दोनशे पानी वही असते. काही अडले की तारीख, आलेली सूचना जशीच्या तशी, आणि काय बदलले ते त्यात लिहायचे, असा घरात नियम आहे. पहिली नोंद मुलीच्या सातवीतल्या अक्षरात आहे: “तारीख १ जानेवारी २००९ दाखवत होते. सेल बदलला. आता बरोबर आहे. आजोबांची पाने मिळाली नाहीत.”