स्टेशनापासून टेबलापर्यंत
चर्चगेटला डबेवाल्यांच्या लाकडी पाट्या उतरतात, झाकणावरची खूण बघून डबे वेगळे होतात आणि पुढची मदार बहुतेकदा सायकलवर. हँडलला दोन्हीकडे डबे लटकलेले, मागे कॅरिअरवर आणखी चळत. फोर्टच्या ज्या गल्लीत टेम्पोला उभं राहायला जागा नाही, तिथे सायकल भिंतीला टेकवून माणूस जिना चढतोसुद्धा. ही सेवा १८९० पासूनची. घरपोच मालाच्या कंपन्या कालपरवाच्या. शेवटच्या दोन किलोमीटरांना पेट्रोल कशाला जाळायचं, हे त्यांनी इथे येऊन बघावं. आणि महापालिकेने? स्टेशनाबाहेर मोटारींच्या आधी या सायकलींना हक्काची, सावलीतली जागा द्यावी. तीही स्टेशनच्या दाराशी, पुलापलीकडे नव्हे.