सुपरहिरो, ट्रेलर आणि आपल्या अपेक्षा

‘ॲव्हेंजर्स : एंडगेम’ २०१९ मध्ये आला तेव्हा माझ्या भाच्याने तो पहिल्याच दिवशी पाहिला. २००८ च्या ‘आयर्न मॅन’पासूनचे आधीचे एकवीस चित्रपट त्याला पाठ होते. एंडगेम त्याला प्रचंड आवडला, आणि तिथूनच त्याचे बिघडले म्हणा ना! नंतरचा प्रत्येक सुपरहिरो चित्रपट पाहून तो तोंड पाडून घरी येतो. “मामा, अजिबात दम नव्हता.” तोच चित्रपट मी पंधरा-वीस दिवसांनी पाहतो आणि मला तो बरा वाटतो. कोण कोणाचा भाऊ, कोणता दगड कोणाकडे, यातले निम्मे मला कळत नाही. अडीच तास एसीत बसायला मिळते, फोन बंद असतो आणि शेवटी दुष्ट माणूस हरतो. तिकिटाचे पैसे वसूल!

चित्रपटातले भाच्याला जास्त कळते, हे मान्य. तरी मजा मला जास्त येते. याचे एक कारण मेंदूत आहे.

वुल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात माकडांवर काही प्रयोग केले. माकडाला अचानक फळांच्या रसाचा थेंब मिळाला की त्याच्या मेंदूतल्या डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी उसळायच्या. मग रसाच्या आधी दरवेळी दिवा लावायला सुरुवात केली. माकड हे शिकल्यावर पेशी दिवा लागतानाच उसळू लागल्या. प्रत्यक्ष रस मिळाला तरी ढिम्म. आणि दिवा लावूनही रस दिला नाही, तर रस मिळण्याच्या नेमक्या वेळी त्या पेशींचे काम नेहमीच्या पातळीच्याही खाली जायचे. म्हणजे आपल्याला काय मिळाले यापेक्षा जे अपेक्षित होते त्याहून किती जास्त किंवा कमी मिळाले, याची नोंद मेंदू ठेवतो. माणसाचे मन माकडापेक्षा गुंतागुंतीचे असते हे खरे, पण सहा महिने आधी येणारा ट्रेलर म्हणजे असाच एक दिवा आहे, असे मला वाटते. सगळी उसळी तिथेच संपते. मी ट्रेलर बघत नाही.

अर्थात चित्रपटाने निराशा केली तर जाते काय? एक संध्याकाळ. पण हे चित्रपट आणखी एक अपेक्षा मनात पेरतात, आणि ती माझ्या ओपीडीत येऊन बसते.

‘कॅप्टन अमेरिका : द फर्स्ट ॲव्हेंजर’ (२०११) मध्ये स्टीव्ह रॉजर्स हा किडकिडीत, दम्याचा रुग्ण असतो. त्याला यंत्रात बसवतात, औषध टोचतात आणि दोन-चार मिनिटांत तो पिळदार शरीराचा, टुणटुणीत होऊन बाहेर पडतो. पडद्यावर हे बघायला मलाही आवडते. पण विशी-पंचविशीतली मुले फोनवरचा नटाचा फोटो दाखवून “सर, तीन महिन्यांत असे होईल ना?” असे विचारतात तेव्हा काळजी वाटते. त्या फोटोमागे ट्रेनर असतो, आचारी असतो, दिवसातले कित्येक तास असतात आणि प्रकाशयोजना असते. वुल्व्हरिन साकारणाऱ्या ह्यू जॅकमनने तर उघड्या अंगाच्या दृश्यांआधी आपण पाणी पिणे बंद करत असू, असे स्वतःच सांगितले आहे. म्हणजे ते शरीर नटाकडेही रोज नसते! कृपा करून हा पाणी तोडण्याचा प्रयोग घरी करू नका, मूत्रपिंडाला तो महागात पडू शकतो.

तीन महिन्यांत तसे झाले नाही की जिममधलाच कोणीतरी इंजेक्शन सुचवतो. ही ॲनाबॉलिक स्टेरॉइड्स. स्नायू फुगतात हे खरे, पण शरीर स्वतःचे टेस्टोस्टेरॉन बनवणे कमी करते, वृषणे आकसतात, शुक्राणू घटतात, चांगले कोलेस्टेरॉल कमी होते, बीपी वाढते, हृदयाचा स्नायू जाड होऊ शकतो. कोणी घेत असेल तर न लाजता डॉक्टरांना सांगा. आम्ही रागावण्यापेक्षा रक्त तपासतो.

इथे एक गैरसमज दूर करतो. दम्याच्या पंपातले स्टेरॉइड वेगळे. ते श्वासनलिकेची सूज कमी करते, त्याने दंड फुगत नाहीत. सूज कमी ठेवणारा हा पंप रोज घ्यावा लागतो आणि पूर्ण गुण दिसायला काही आठवडे लागू शकतात. पण चार दिवसांत पळता आले नाही की लोक तो कपाटात ठेवतात. मधुमेहाचेही तेच. एचबीएवनसी ही तपासणी साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते, आणि पेशंट गोळी सुरू करून दहाव्या दिवशी ती करायला निघतो. मग “औषध लागू पडत नाही” म्हणून डॉक्टर बदलतो.

म्हणूनच मला या सगळ्यांत ‘डॉक्टर स्ट्रेंज’ (२०१६) जास्त आवडतो. हा मेंदूचा सर्जन भरधाव गाडी चालवताना पेशंटचा स्कॅन बघत असतो आणि अपघातात त्याच्या हातांच्या नसा जातात. (गाडी चालवताना फोनवर माझे रिपोर्ट बघणाऱ्यांनीही हा प्रसंग जरूर पाहावा.) हात पूर्ववत व्हावेत म्हणून तो काठमांडूपर्यंत जातो. जादू शिकतो, जग वाचवतो, पण चित्रपट संपतानाही त्याचे हात थरथरतच असतात. एका सुपरहिरो चित्रपटाने इतका खरा शेवट करावा, याचे मला कौतुक वाटले.

प्रेक्षकांच्या अपेक्षेचे ओझे नटांवरही पडते. ‘ब्लॅक पँथर’ (२०१८) मधल्या चॅडविक बोसमनला २०१६ मध्येच मोठ्या आतड्याचा कर्करोग झाल्याचे कळले होते. शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीच्या मधल्या काळात तो काम करत राहिला. २०२० मध्ये तो खूप बारीक दिसू लागला तेव्हा समाजमाध्यमांवर काहींनी त्याची टिंगलही केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, ४३ व्या वर्षी तो गेला. हा आजार फक्त म्हाताऱ्यांचा, अशी आपली समजूत असते. शौचावाटे रक्त जाणे, शौचाच्या सवयी काही आठवडे बदलणे, कारण नसताना वजन किंवा हिमोग्लोबिन उतरणे, यांपैकी काही असेल तर “मूळव्याध असेल” म्हणून मेडिकलमधून मलम आणू नका. वय तिशीतले असले तरी तपासून घ्या.